जुना सर्व्हर बंद केला तो आठवडा

मी तेव्हा कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत कंप्युटर विभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे मी आणि टाइम ऑफिसमागची एक लांबट खोली. नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील. गडमुडशिंगीहून सकाळच्या बसनं यायचं, गेटवर कार्ड दाखवायचं आणि त्या खोलीचं कुलूप उघडायचं. आमच्या घरातली ऑफिसात बसून काम करणारी मी पहिलीच मुलगी. त्यामुळे खोलीच्या किल्लीचा मला जरा जास्तच अभिमान होता.

त्या खोलीत एक जुना सर्व्हर होता. कारखान्यात कुणीही कंप्युटर सुरू करून नाव आणि पासवर्ड टाकला, की हा माणूस आपला आहे की नाही ते तो ठरवायचा. आमच्या भाषेत तो डोमेन कंट्रोलर. माझ्या आधी विभाग सांभाळणाऱ्या काकांनी तो बसवला होता. काका मूळचे वायरमन. बघून बघून कंप्युटर शिकलेले. वर्षापूर्वी निवृत्त होऊन ते हुपरीला घरी बसले होते. जाताना त्यांनी मला एक वही दिली होती. मी ती चाळली, अक्षर लागलं नाही, ठेवून दिली.

जुन्याच्या डिस्क कुरकुरायला लागल्या तेव्हा दोन नवे सर्व्हर आले. सगळी नावं, सगळे पासवर्ड दोन्हींवर उतरले. महिनाभर तिन्ही यंत्रं शेजारी शेजारी चालली. मग कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी जुना सर्व्हर बंद केला. चार दिवस नुसता बंद ठेवून बघायला हवं होतं. पण मॅनेजरसाहेबांना ती जागा मोकळी हवी होती आणि मलाही काम संपवायचं होतं. दुपारपर्यंत मी त्याच्या डिस्क पुसून टाकल्या. खोली एकदम शांत झाली. वर्षभर मी त्या पंख्याच्या आवाजात बसले होते. तो आवाज थांबल्यावर कानाला दडे बसल्यासारखं झालं. मी उगाच दोनदा मागं वळून बघितलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, क्वालिटीचे नवे साहेब रुजू झाले. जुने साहेब सुट्टीच्या आदल्या दिवशीच नोकरी सोडून गेले होते. त्यांचा मेलबॉक्स मी त्याच संध्याकाळी बंद केला होता. बाहेरची गिऱ्हाइकं क्वालिटीच्या एकाच पत्त्यावर मेल टाकायची. नव्या साहेबांचं नाव आठवड्यापूर्वीच चढवलेलं होतं; सकाळी तो पत्ता मी त्या नावाला जोडला. पडद्यावर सगळं बरोबर दिसत होतं.

तक्रारी सुरू झाल्या त्या बारीकसारीक. डिस्पॅचमधून फोन आला, पुण्याला पाठवलेला मेल तासभर पोहोचला नाही. बघते तर बाहेर जाणाऱ्या मेलची रांग लागलेली. मेलची ने-आण करणारा मेल सर्व्हर वेगळा होता; तो बाहेरचा प्रत्येक पत्ता आधी जुन्या यंत्राला विचारत होता, उत्तराची वाट बघून दमत होता आणि मगच नव्याकडे वळत होता. ती नोंद मी बदलली. रांग भराभरा हलली. डिस्पॅचच्या माणसानं फोनवर शाबासकी दिली. दोष सापडला म्हणून मी खुशीत डबा खाल्ला.

पण त्यानंतर स्टोअर्सच्या बाई आल्या. त्यांनी पासवर्ड बदलला होता. एका कंप्युटरवर नवा चालत होता, शेजारच्यावर जुनाच. असं कसं होईल, चुकीचं टाइप करत असाल, असं मी त्यांना म्हणाले. त्या तशाच परत गेल्या. मला ते बरं वाटलं नाही, पण मी त्याचा माग काढला नाही.

बुधवारी क्वालिटीचे नवे साहेब स्वतः खोलीत आले. शांत माणूस, दारातच चप्पल काढून आत आलेला. दोन दिवसांत बाहेरचा एकही मेल आला नाही, इतकंच त्यांना सांगायचं होतं. कारखान्यातले लोक थेट त्यांच्या नावावर पाठवत, ते येत होते.

"नवीन आहात साहेब," मी म्हणाले, "लोकांना कळेल तसे येतील की. तरी मी बघतो."

आमच्याकडच्या बायका बोलतात तशी मी 'बघतो' म्हणाले. आणि बघितलं नाही. ते वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

गुरुवारी सकाळी वीज गेली. यूपीएस संपला, सगळी यंत्रं बंद पडली. वीज आली तेव्हा मेल सर्व्हर उठलाच नाही. म्हणजे यंत्र सुरू झालं, पण मेल चालवणारा भाग उभा राहीना. आपल्या माणसांची यादी कुणाकडून घ्यायची हेच त्याला कळत नव्हतं. त्याच्या आत जुन्याचंच नाव पक्कं लिहिलेलं होतं. सुरू असेपर्यंत तो कसाबसा नव्यांपैकी एकावर भागवत होता. आता पहिल्यापासून सुरुवात करताना तो पुन्हा जुन्यालाच हाक मारत होता. लाल खुणांच्या नोंदी पडद्यावर ओळीनं चढत होत्या आणि प्रत्येकीत तेच एक नाव. डिस्क मी माझ्या हातानं पुसल्या होत्या.

तीन तास मी सुचेल ते केलं. मग मॅनेजरसाहेबांना सांगून निघाले आणि मिळेल त्या बसनं हुपरी गाठली. काकांच्या घरी सोप्यात त्यांच्या सूनबाई पैंजणाच्या कड्या जोडत बसल्या होत्या. काका चष्मा लावून कड्या निवडत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि पहिला प्रश्न मेलचा नाही विचारला.

"दोन नवी हायत न्हवं? ती एकमेकांशी बोलत्यात काय?"

मी म्हणाले, बोलतच असणार, दोन्हीकडे नावं सारखीच आहेत.

"सारखी कवा झाली? जुना असताना. तो हिकडचं तिकडं सांगायचा. मी तसंच जोडलं हुतं, वहीत लिवलंय. आता मधला गेला." त्यांनी हातातली कडी खाली ठेवली. "पोरी, तवापास्नं एकाला केलेलं दुसऱ्याला कळलेलंच न्हाय."

त्या आठवड्यातल्या तक्रारी मी एकेक करून आठवल्या. स्टोअर्सच्या बाईंचा पासवर्ड. आणि क्वालिटीचा पत्ता. जुन्या साहेबांचं नाव काढलं तेव्हा मधलं यंत्र जिवंत होतं, म्हणून ते दोन्हीकडून निघालं. नव्या साहेबांचं जोडलं ते एकाच यंत्रावर. मेल सर्व्हर विचारत होता दुसऱ्याला. म्हणजे सोमवारपासून त्या पत्त्यावर आलेला प्रत्येक मेल, असा कोणी माणूस इथं नाही, असं सांगून आमच्या सर्व्हरनं परत पाठवला होता.

काका कपडे बदलून माझ्याबरोबर आले. वही उघडून त्यांनी वाचलं, मी टाइप केलं. आधी दोन्ही नवी यंत्रं एकमेकांना जोडली, मग मेल सर्व्हरमधलं जुनं नाव काढून नवं घातलं. दिवस मावळायच्या आत मेल सुरू झाला. परत गेलेल्या मेलची यादी मी काढली तेव्हा काका माझ्या खांद्यावरून बघत होते. पुण्याकडच्या एका ट्रॅक्टर कारखान्याचे तीन मेल होते. सोमवार, मंगळवार, बुधवार. आत काय लिहिलं होतं ते आमच्याकडे नव्हतं, फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता आणि विषय. विषयात होतं, तातडीचं, माल थांबवा.

यादी घेऊन मी क्वालिटीच्या साहेबांकडे पळत गेले. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. बराच वेळ ते नुसते 'हो, हो' म्हणत होते. मग रिसिव्हर ठेवून त्यांनी सांगितलं. आमच्या एका खेपेतल्या कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, आत पोकळी सापडली होती. त्या खेपेचे नंबर कळवा म्हणजे बाकीचे भाग बाजूला काढतो, असं ते तीन दिवस, मेल परत येत असतानाही, मेलवरच विचारत होते. उत्तर नाही म्हणून त्यांनी अंदाजानं काही काढले. त्यातून एक राहिला. आज दुपारी टेस्ट बेंचवर तपासताना तो फुटला आणि तिथल्या ऑपरेटरच्या हाताला लागला.

"किती लागलंय?" मी विचारलं.

"दोन बोटं गेली," ते म्हणाले.

चौकशी झाली. मी सगळं लिहून दिलं, डिस्क पुसल्याचं आणि साहेबांना 'बघतो' म्हणून न बघितल्याचंही. मॅनेजरसाहेबांनी ते दोन परिच्छेद काढायला लावले. ट्रॅक्टरवाल्यांनी फोन करायला पाहिजे होता, मेलवर कोण विसंबतं, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पोकळीही मी पाडली नव्हती. अहवालात 'तांत्रिक अडचण' एवढे दोन शब्द राहिले आणि खाली माझी सही. सही करायला मी नकार दिला नाही.

दोन-तीन महिन्यांनी क्वालिटीच्या साहेबांबरोबर मी त्या ट्रॅक्टर कारखान्यात गेले. दोन्हीकडची मेलव्यवस्था तपासायची होती. टेस्ट बेंचजवळून जाताना तिथल्या माणसानं एका ऑपरेटरकडे बोट केलं. तो कामावर परत आला होता. डाव्या हातात मोजा, त्याची दोन बोटं रिकामी, आत दुमडून शिवलेली. मी काही ठरवायच्या आत तोच पुढं आला आणि कोल्हापूरचे का, असं विचारलं.

"माझी बहीण दिलीय तिकडं, बिद्रीला," तो म्हणाला. "तुम्ही कशात असता?"

मी म्हणाले, कंप्युटरमध्ये.

"चांगलं आहे," तो म्हणाला, आणि उजव्या हातानं बेंचचं झाकण लावायला लागला. साहेब माझ्याकडे बघत होते. मला बोलायला वेळ होता, चांगला मिनिटभर होता. मी बिद्रीत त्याची बहीण कुठल्या गल्लीत राहते ते विचारलं. त्यानं सांगितलं, आणि आम्ही पुढच्या शेडकडे गेलो.