निळं दार

कॉलेजच्या वाटेवरच्या बैठ्या घराचं निळं दार आज अर्धं तपकिरी झालं होतं. घरातली बाई पदर खोचून, स्टुलावर चढून ब्रश फिरवत होती. सणावारी लोक दार रंगवतात, पण आज कुठलाच सण नव्हता.

काल कँटीनमधल्या टीव्हीवर तिच्या मुलीची बातमी होती. मुलीवर अत्याचार झाला होता. वाहिनीने नाव सांगितलं नाही, चेहरा पुसट केला. दार मात्र लख्ख दिसत होतं, शेजारच्या जास्वंदीसकट. "अगं, हे तर वळणावरचं घर!" कुणीतरी मोठ्याने म्हणालं.

ते मीच म्हणाले. पीडितेची ओळख पटेल असं काहीही उघड करायचं नाही, हे मी त्याच सकाळी पत्रकारितेच्या वर्गात शिकवून आले होते. मुलांनी ते उतरवूनही घेतलं होतं. कायदा वाहिन्यांसाठी असतो, आपल्या जिभेसाठी नाही, असंच मला आतून वाटत असावं. चेहरा झाकायला यंत्र लागतं. उघडा पाडायला माझं एक 'अगं' पुरलं.

मान खाली घालून पुढे निघाले, तेवढ्यात तिने हाक मारली.

"बाई, जरा पलीकडून बघता का? आता ओळखू येतं का घर?"

मी रस्ता ओलांडून वळले. काल कॅमेरा इथेच उभा असणार. 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, पण काल कँटीनभर ऐकू गेलेला माझा आवाज आज रस्त्यापलीकडेही पोचेना.