पातेल्यावरचं नाव

मंडळाच्या जतन समितीवर मी गेले ती माझ्या तोंडामुळे. वार्षिक सभेत उभी राहून मी म्हणाले होते, की इथल्या मराठी लोकांच्या जुन्या वस्तू आणि कागदपत्रं जपायला मंडळ मदत देतं हे छानच आहे, पण ती कुणाला द्यायची हे कॉफी पिता पिता ठरतं, त्याला काही पद्धत नाही. सभेत असं बोलणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं. माझ्याही पडलं.

मी पुण्याची. बारा वर्षांपूर्वी नोकरीसाठी बेंगळुरूला आले. ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत, घर एचएसआर लेआउटमध्ये. लोकांना पद्धत लावणं हेच माझं नोकरीतलं काम आणि खरं सांगायचं तर हौसही. समितीत आम्ही तिघं होतो. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त बँक अधिकारी. त्यांचं घराणं इथं इतक्या पिढ्यांपासून होतं की मोजणं त्यांनी स्वतःच सोडून दिलं होतं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. दुसरा कोरमंगलाला राहणारा नागपूरचा मुलगा, कसल्याशा स्टार्टअपमधला. तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणे आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घाले. तिसरी मी.

अण्णांची रीत साधी होती. कुणी मदत मागितली की ते त्याच्या घरी जात, कॉफी घेत, वस्तू हातात घेऊन बघत आणि परत येऊन सांगत, “द्यायला हवं” किंवा “स्वल्प थांबू या.” मला हे भयंकर वाटलं. ज्याची कॉफी चांगली त्याला मदत, असं मी तोंडावर म्हणाले. अण्णा हसले. म्हणाले, “तुम्ही कराल ते सरी, मॅडम.” सरी म्हणजे इकडचं ‘बरोबर, ठीक’. माझा विजय झाला असं मला त्या दिवशी वाटलं.

मी छापील अर्ज तयार केला. त्यात पाच प्रश्न. वस्तू किती जुनी, तिचा उपयोग किती लोकांना, मदत मिळाली नाही तर काय होईल, कारागिराचा अंदाज जोडला आहे का आणि पुढं सांभाळणार कोण. प्रत्येक उत्तराला गुण. आलेल्या अर्जांची छाननी मी करायची आणि नियमात बसणारेच अर्ज बैठकीत मांडायचे. घरी जाणं बंद. अर्जाच्या तळाशी ठळक अक्षरात एक ओळ टाकली, “अर्ज मराठीतच भरावा.” ही ओळ माझी. परक्या गावात आपली भाषा टिकवायची तर एवढा आग्रह धरायलाच हवा, असं माझं म्हणणं होतं. तिचा मला अभिमान होता, हे लपवण्यात आता अर्थ नाही.

एका शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मी आलेले अर्ज पसरले. बहुतेक टाइप केलेले, काहींना रंगीत फोटोंची पानं. शेवटी एक खाकी पाकीट निघालं. त्यात आमचा छापील अर्ज होता, पण सगळे रकाने कोरे, फक्त तळाशी सही. सोबत वहीतली तीन रेघी पानं, दोन्ही बाजूंनी कन्नड अक्षरांत लिहिलेली. एक बिलासारखी चिठ्ठी, तीही कन्नडच. आणि तांब्याच्या मोठमोठ्या पातेल्यांचे चार फोटो.

बारा वर्षं झाली तरी मला कन्नड वाचता येत नव्हतं. बोलण्यापुरतं, रिक्षावाल्याशी आणि भाजीवाल्याशी भागण्यापुरतं येत होतं. मी पानं उलटीसुलटी केली आणि चिडले. इतकं ठळक लिहूनही लोक कन्नडमध्ये अर्ज करतात म्हणजे काय? खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला दाखवलं असतं तर तिनं दोन मिनिटांत वाचून दाखवलं असतं. ऑफिसात माझ्या डाव्या हाताला आणि उजव्या हाताला बसणारे दोघंही इथलेच. पण बारा वर्षं राहून साधं वाचता येत नाही, हे कुणापुढं कबूल करायचं? पानावर फोन नंबर होता. आकडे मला वाचता येत होते. फोन केला तर कन्नडमध्ये बोलावं लागेल म्हणून मी तोही केला नाही.

मी लाल पेन घेतलं, उलटसुलट झालेल्या पानांतली जी बाजू वर आली तिच्या वरच्या कोपऱ्यात “अपूर्ण” लिहिलं आणि पानं फायलीत लावून टाकली. पाकिटाच्या मागं पत्ता इंग्रजीत होता, जुन्या पेठेतला, चिकपेटमधला. त्या पत्त्यावर मंडळाच्या छापील कागदावर सभ्य मराठीत उत्तर धाडलं. अर्ज मराठीत नसल्यानं विचारात घेता येत नाही, कृपया महिन्याभरात मराठीत पुन्हा पाठवावा, कळावे. खाली माझी सही आणि मंडळाचा गोल शिक्का. पद्धत म्हणजे पद्धत.

बैठकीत सगळ्यात जास्त गुण पडले ते एचएसआरच्याच चार तरुणांना. जुन्या मराठी जागांचा नकाशा ते मोबाइलवर आणणार होते आणि त्यांनी पाचही प्रश्नांची उत्तरं अशी दिली होती की माझ्या मनातलीच वाटावीत. नागपूरकर म्हणाला, “एकदम भारी आहे ना हे.” अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “पेटेतून आमच्या जुन्या लोकांचं काहीच आलं नाही काय? हळदीकुंकवाला मी बायकांना सगळं सांगून आलो होतो की. प्रश्नसुद्धा तोंडी सांगितले.”

“नियमात बसणारं नाही आलं,” मी म्हणाले.

“सरी,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी नकाशाच्या अर्जावर सही केली.

दोन महिन्यांनी, रविवारी सकाळी आम्ही तिघं मंडळाच्या खोलीत बसलो असताना दारात एक बाई आल्या. सत्तरीच्या, काटक, सुती लुगड्यात, हातात प्लॅस्टिकची पिशवी. अण्णा उठून उभे राहिले. “या की अक्का, बसा.” अक्का बसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. घडीवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. ते माझं पत्र होतं.

“अण्णा, मंडळाचं पत्र येऊन लई दिवस झाले,” त्या म्हणाल्या. “मी देवाजवळ ठेवलं. आमच्या समाजाच्या ट्रस्टींना म्हटलं, मंडळाचा शिक्का आलाय, पैसा येतोय, स्वल्प थांबा. ते थांबले. मग म्हटले, कुठं आहे पैसा? गुरुवारी भांडी मोडीत काढली त्यांनी. आज तरी द्या. मोडवाल्याकडनं परत घेता येतील.”

मी पत्र हातात घेतलं. “अहो, पण यात तर लिहिलंय की अर्ज मराठीत नाही. पुन्हा पाठवा म्हणून.”

अक्का माझ्याकडं बघतच राहिल्या. “मराठीतच दिला की, बाई.”

मी फाइल काढली. तीन रेघी पानं अण्णांसमोर ठेवली, काहीशा तोऱ्यातच. बघा, हे मराठी आहे का? अण्णांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं.

“मंडळातल्या सगळ्यांना नमस्कार. आमच्या समाजाची तांब्याची पातेली एकवीस आहेत. कुणाच्याही घरी लगीन असू दे, बारसं असू दे, भांडी हितनंच जात होती.”

अक्षरं कन्नड होती. भाषा मराठी होती. आमच्या आजोळी ऐकलेली वाटावी इतकी मराठी. अण्णा वाचता वाचता थांबले. “आमच्याकडं असंच लिहितात, मॅडम,” ते हळूच म्हणाले. “शाळा कन्नड. घर मराठी. तुमची बाळबोध अक्षरं पुष्कळांना येत नाहीत. तुमची बाळबोध अक्षरं पुष्कळांना येत नाहीत. माझी आई धोब्याचा हिशोबसुद्धा असाच लिहायची.”

माझ्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. अण्णा पुढं वाचत होते आणि सवयीनं माझं डोकं गुण देत होतं. किती जुनी? आजोबांच्या वेळची. उपयोग कुणाला? पेटेतल्या दोनशे घरांना. मदत मिळाली नाही तर? समाजाचं स्वयंपाकघर पाडून ट्रस्टी तिथं गाड्या लावायची जागा करणार आहेत, भांडी मोडीत जातील. कारागिराचा अंदाज? ती बिलासारखी चिठ्ठी, कल्हईवाल्याची. सांभाळणार कोण? “मी. माझ्यामागं माझी सून. तिला सांगितलं आहे.” पाचपैकी पाच. मोबाइलच्या नकाशालाही एवढे पडले नव्हते.

शेवटचा मजकूर अण्णांनी सावकाश वाचला. “घरातलं कुणी गेलं की त्याच्या नावानं एक पातेलं द्यायची आमची रीत. तांबट काठावर नाव कोरतो. माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली. तिचा फोटो नाही. चूल बंद व्हायची तेव्हा मला त्या पातेल्याजवळ बसवत, काठावर बोट फिरवून नाव वाचायला शिकवत. मी पहिलं अक्षर वाचलं ते तिचं. सगळी नाही जपता आली तरी तेवढं एक जपा.” त्याच्यापुढं, पान उलटल्यावर शेवटच्या बाजूच्या पहिल्याच ओळीत, आईचं नाव होतं. अण्णांनी ते वाचलं आणि पान खाली ठेवलं.

“पत्र तुम्ही कुणाकडून वाचून घेतलं नाही का हो?” नागपूरकरानं विचारलं. त्याच्या हातात पहिल्यांदाच फोन नव्हता.

अक्कांचा चेहरा लाल झाला. “मराठी पत्र दुसऱ्याकडनं वाचून घेऊ? लोक काय म्हणतील, मराठी म्हणवते आणि वाचता येत नाही?”

मी पत्रावरचा गोल शिक्का बघितला. तीच लाज मीही धरून बसले होते, फक्त माझ्या लाजेला शिक्का होता.

आम्ही चौघं कॅबनं गेलो. रविवारची गर्दी, सिग्नलमागून सिग्नल, आणि अक्का पुढच्या सीटवर पिशवी पोटाशी धरून ताठ बसलेल्या. मोडवाल्याच्या दुकानात पितळ आणि अॅल्युमिनियम होतं. तांबं नव्हतं. अण्णा त्याच्याशी कन्नडमध्ये बराच वेळ बोलले, हात जोडून बोलले. त्यानं एका कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं लोखंडी ऐरणीभोवती तांब्याच्या बारीक कपच्या पडल्या होत्या. भट्टीत लवकर वितळावी म्हणून मोठी भांडी तिथंच तोडतात. शुक्रवारीच सगळी भट्टीत गेली होती. अक्का खाली बसल्या आणि कपच्या उलटून बघू लागल्या. एकेकीवरून बोट फिरवायच्या आणि बाजूला ठेवायच्या. आम्ही तिघं उभे होतो. शेवटी अण्णांनी त्यांना हाताला धरून उठवलं.

पुढच्या बैठकीत मी राजीनामा दिला. अण्णांनी तो घेतला नाही. “तुम्ही गेलात तर शिकलेलं वाया जाईल,” म्हणाले. मला ते बोलणं लागलं, लागायलाच हवं होतं. “मराठीतच” ही ओळ आम्ही काढून टाकली नाही. तिच्यापुढं “कोणत्याही लिपीत” एवढं जोडलं. अण्णांचं घरी जाणं पुन्हा सुरू झालं आणि आता त्यांच्याबरोबर मीही जाते. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडं रोज सकाळी अर्धा तास बसून मी कन्नड अक्षरं गिरवली. पंचेचाळिसाव्या वर्षी पाटी घेऊन बसले. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

वाचता यायला लागल्यावर पहिल्यांदा फायलीतली ती तीन पानं काढली. अण्णांनी वाचलेलं सगळं पुन्हा स्वतः वाचलं, बोट ठेवून, अडखळत. शेवटी आईचं नाव आलं. चार अक्षरं. ते नाव तांब्यावरून गेलं होतं. आता ते कुठं लिहिलेलं असेल तर या कागदावर, आणि तो माझ्या कपाटात होता.

मी तो घेऊन चिकपेटला अक्कांच्या घरी गेले. माफी मागायची होती, नीट जमली नाही. कागद पुढं केला आणि म्हणाले, “हा तुमच्याजवळ असायला हवा.”

अक्कांनी कॉफीचा पेला माझ्यापुढं ठेवला. पान हातात घेतलं, नावावरून एकदा बोट फिरवलं आणि घडी घालून मला परत दिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं.

“राहू द्या तुमच्याकडंच. जुनं जपायचं काम तुमचंच ना?”

कागद माझ्याकडं आहे. नावाच्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात, लाल शाईनं, “अपूर्ण” असं लिहिलेलं आहे. ते खोडायला मी दोनदा पेन हातात घेतलं. शाई खालच्या ओळीतल्या नावापर्यंत उतरली आहे, खोडायला गेलं तर नावही खोडलं जाईल.