कमानीची पट्टी

आर्णीचे सुतारचाचा टेपपेक्षा अंगठ्यावर भरवसा ठेवतात. डोळे मिटून तो लाकडावरून फिरवतात. आमच्या दाराची कमान गवंड्यानं डावीकडे फुगवली होती. मी त्याला चारचौघांत शिव्या घातल्या. चाचांनी कमानीला पुठ्ठा लावून आकार उतरवला. मग बारीक करवत, कानस घेऊन सागवानी पट्टी केली. बाहेरची कड भिंतीसारखी वाकडी, आतली अर्धगोल.

"वाकडी काहून, चाचा?"

"गोल केली तं फट दिसन, भाऊ. फट चुगली करन."

पट्टी बसली, फुगवटा दिसेना. वास्तुशांतीला आलेले पाहुणे कमान वाखाणू लागले. चाचा जिलेबी खात म्हणाले, "गवंड्याचा हात लय साफ हाय."

मागे उभा गवंडी खाली बघत होता. मीही.