मुंगूसकन्येचे बाबा मरत नाहीत

माझा उजवा गुडघा ठणठणीत आहे.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला, म्हणजे मेघनाला नाही. मुलीला, म्हणजे सईला तर नाहीच नाही. नॉटिंगहॅमच्या आमच्या मराठी मंडळाला नाही, आणि ज्या बिचाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईने हा गुडघा सर्व दिशांना वाकवून "हाऊ इंटरेस्टिंग!" असं म्हटलं, तिलाही नाही. दोन वर्षं मी लंगडतोय. सुरुवातीला घाईत पाय चुकायचा, एकदा तर ट्रॅम पकडायला मी चक्क धावलो. तेव्हापासून उजव्या बुटात, घरात असलो तर स्लिपरमध्ये, एक काबुली चणा ठेवतो. चणा टोचला की लंगडायची आठवण राहते.

मी मुळात अबोल माणूस. युनिव्हर्सिटीत सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर बोलत नाहीत, मीही बोलत नाही, म्हणून आमचं बरं चाललंय. पण आता सांगूनच टाकतो. या सगळ्याच्या मुळाशी एक मुंगूस आहे.

आधी सिनेमांबद्दल थोडं. सुपरहिरो नावाच्या प्राण्याशी माझं वैर नाही. त्याने खुशाल उडावं, इमारती पाडाव्यात, जग वाचवावं. माझं म्हणणं एवढंच की, एकदा उडायला शिकलास ना बाबा, मग शिकलास! दर तीन वर्षांनी नवा नट, नवी चड्डी आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं: लहानपण, प्रयोगशाळा, वीज, काहीतरी चावणं आणि विसाव्या मिनिटाला बापाचा मृत्यू. पूजेतली कथाही दर वेळी तीच असते, पण तिथे शेवटी शिरा तरी मिळतो. इथे गार नाचोज! आणि लोक पुन्हा जातात. मीही पुन्हा जातो. (कारण सई.)

हा रोग फक्त हॉलिवूडला आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने आमच्या मंडळाच्या हिवाळी संमेलनाला यावं.

फार वर्षांपूर्वी आमच्या एका समितीने ठरवलं, की इथल्या मुलांना स्वतःचा, मराठी सुपरहिरो हवा. म्हणून मुंगूसवीर जन्माला आला. गोष्ट अशी: एक शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत मुंगसाच्या शक्तीचा पट्टा तयार करतो. डॉक्टर फणी नावाचा दुष्ट त्याच्यावर विषारी किरण सोडतो. शास्त्रज्ञ मरता मरता पट्टा आपल्या मुलाला देतो. मुलगा बापाच्या देहाजवळ भाषण करतो, पट्टा बांधतो आणि उडतो. (मुंगूस उडत नाही. हे मी पहिल्याच वर्षी समितीला सांगितलं होतं.)

पुढच्या वर्षी भाग दुसरा व्हायचा होता. पण तोवर नवी समिती आली, आणि आधीच्या समितीचं काम पुढे नेणं हा आमच्या मंडळात अपमान समजला जातो.

"आपण पहिल्यापासून करू," नवे अध्यक्ष म्हणाले. "पण एकदम वेगळ्या पद्धतीने!"

वेगळी पद्धत म्हणजे पट्ट्याचा रंग. त्यानंतर दरवर्षी नवी समिती, नवा पट्टा, तोच बाप. आणि तो बाप मी! कारण पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "मिलिंददादा, तुम्ही तसेही बोलत नाही. तुम्ही मरा."

मी मरत राहिलो. पहिल्या वर्षी लोक हळहळले. दुसऱ्या वर्षी लोकांनी फोन पाहिले. तिसऱ्या वर्षी माझे प्राण जात असताना पहिल्या रांगेत बाकरवडीचं पाकीट फुटलं. पुढे पुढे तर माझं मरण सुरू झालं की लोक गाडी नीट लावलीय का ते बघून यायचे. एकदा मी डोळे मिटले आणि माईकवरून घोषणा झाली, "सिल्व्हर रंगाची गाडी ज्यांची आहे त्यांनी कृपया गेटसमोरून काढावी." ती माझीच होती. मी मेलेलो असल्यामुळे काही करू शकलो नाही.

आणि मग दोन वर्षांपूर्वी, नव्या अध्यक्ष वृषालीताईंनी क्रांती केली. मुंगूसवीराची मुंगूसकन्या झाली, आणि ती कन्या म्हणजे माझी सई.

सई तेव्हा तेरा वर्षांची होती. जन्म इथलाच. तिचं मराठी म्हणजे "बाबा, माझा भूक लागला." वृषालीताईंनी तिच्यासाठी बापाच्या मृतदेहाजवळचं भाषण नव्याने लिहिलं होतं, पानभर. सुरुवात अशी: 'बाबा, तुम्ही गेलात आणि घराचं छप्पर गेलं.' सई ते नागपूरच्या माझ्या आईबरोबर व्हिडिओ कॉलवर पाठ करायची. आई शाळेत शिक्षिका होती, अजूनही आहे असंच ती समजते.

"छप्पर म्हण. चप्पर नाही, छप्पर."

"छप्पर."

"अन् रडू कुठे गेलं? इंग्लिशमध्ये तर कोणीही रडते बाप्पा! तू मराठीत रडून दाखव, मग मी म्हणीन, माझी नात."

ते पोरीने मनावर घेतलं. दात घासताना छप्पर, बस स्टॉपवर छप्पर. तिच्या शाळेतल्या कुठल्याही परीक्षेसाठी मी तिला असा अभ्यास करताना पाहिलेलं नाही.

संमेलनाच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, आपण पिक्चरला जाऊ. तो नवीन आलाय ना. मी बघते तो हिरो कसा रडतो, आणि तू बघ तो बाबा कसा मरतो. रिसर्च!"

गेलो. तोच हिरो, पुन्हा पहिल्यापासून. बरोबर विसाव्या मिनिटाला बाप कोसळला. मी सवयीने मान वळवून थिएटरभर पाहिलं. एक जोडपं नाचोजवरून भांडत होतं. एकजण घोरत होता. दोन पोरं टॉयलेटला निघाली होती. त्यांना नेमकं ठाऊक होतं की आता गेलं तर काही चुकत नाही. एवढा करोडोंचा बाप, आणि त्याचं मरण म्हणजे लघवीची सुट्टी!

फक्त सई पडद्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. ते मी पाहिलं, आणि तरीही मनात घेऊन घरी आलो ते घोरणाऱ्या माणसाला. उद्या आपलंही हेच होणार, असं वाटलं. आणि मला राग आला. माझ्यासारख्या माणसाला राग आला की तो कुणाला सांगत नाही, तो तसाच कपाटात घडी करून ठेवतो. दुसऱ्या दिवशी मी तो कोटाबरोबर घालून गेलो.

शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला होता. पहिल्या रांगेत मेघना फोन उंच धरून बसली होती. फोनमध्ये नागपूरहून आई. मी पांढऱ्या कोटात प्रयोगशाळेत उभा. डॉक्टर फणी म्हणजे माझा मित्र शिरीष. हिरव्या सॅटिनमध्ये तो भिजवलेल्या पालकासारखा दिसत होता. त्याने आरोळी ठोकली, हिरवा कागद लावलेली बॅटरी माझ्यावर रोखली. किरण छातीवर पडला.

मागच्या रांगांत खुर्च्या सरकल्या. लोक गाड्या बघायला निघाले होते.

मी मेलो नाही.

शिरीषने पुन्हा बॅटरी मारली. मी उभाच. त्याने बॅटरी हातावर आपटली. त्याला वाटलं, सेल गेले.

"अरे मर ना!" तो ओठ न हलवता म्हणाला.

"मला काही होत नाहीये," मी म्हणालो. मोठ्याने. मंडळाच्या रंगमंचावरचं माझं ते पहिलं वाक्य!

हॉल हसला. अहो, असा हसला, की गाडीकडे निघालेले लोक परत फिरले. मी आयुष्यात कधी कुणाला हसवलेलं नाही. लग्नात मेघनाचं नाव उखाण्यात घेतलं तेव्हाही लोक गंभीर झाले होते. ते हसू मला चढलं. मी टेबलावरचं विषारी रसायन उचललं आणि शांतपणे पिऊन टाकलं. (कोकम सरबत होतं. छान झालं होतं.) पुन्हा हशा!

"दर वर्षी येता," मी शिरीषला म्हणालो, "दर वर्षी तोच किरण. जरा बसा, चहा घ्या."

टाळ्या! शिट्ट्या! विंगेतून वृषालीताईंचा दबका आवाज, "मिलिंददादा, मरा! तुम्ही मेल्याशिवाय पट्टा देता येत नाही!" शिरीष गोंधळून खरंच खुर्चीवर बसला. तेवढ्यात, ठरलेल्या वेळेला, शोकसंगीत सुरू झालं, आणि मुंगसांच्या पोशाखातली दहा-बारा बारकी पोरं रडत रडत आत आली. बॉडी कुठेच नाही म्हणून ती माझ्याभोवती गोल उभी राहून, वर माझ्या तोंडाकडे बघत रडायला लागली. एका मुंगसाने विचारलं, "अंकल, आर यू डेड ऑर नॉट?"

"अजून ठरलेलं नाही," मी म्हणालो. लोक खुर्च्यांवरून घसरत होते.

फोनमधून आईचा आवाज आला, "मिलिंद! पड ना रे खाली! पोरीचं भाषण आहे ना!" त्यावरही हशा.

मग सई आली. केसांत मुंगसाचे कान, हात छातीशी. तिला दुसरं काही सुचलं नसावं. ती माझ्या पायांपाशी गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही गेलात आणि घराचं छप्पर गेलं."

छप्पर अगदी स्वच्छ होतं. 'छ' तर नागपुरात ऐकू जावा असा!

आणि मी उभा, हातात कोकमाचा रिकामा ग्लास. हॉल हशाने फुटला. ती पुढचं वाक्य बोलली, ते ऐकूच आलं नाही. ती थांबली. वर बघितलं. आणि अगदी हळू, नाटकातलं नव्हे, घरातलं वाक्य बोलली, "बाबा, तू प्लीज मर ना."

माईकने तेही उचललं. संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा त्यालाच मिळाला.

मी तिचा खालचा ओठ पाहिला. तो ओठ मी पाळण्यापासून ओळखतो. माझी नशा खाडकन उतरली आणि मी लगेच मरायला घेतलं. छातीवर हात, दोन हेलकावे (एरवी एकच घेतो), पुढे झोकांडी. पण तोवर वृषालीताईंचा धीर सुटला होता. त्यांनी केअरटेकर ग्रॅहमला खूण केली आणि पडदा आला. सई पडद्याच्या आत, मी बाहेर. मी पूर्ण मन लावून मेलो. आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं मरण ते. डोळे किलकिले करून पाहिलं तर प्रेक्षक मसालेभाताच्या रांगेत होते.

 परत जाताना गाडीत मागच्या सीटवरून सई म्हणाली, "बाबा, तू मुद्दाम केलंस का?"

तिथे एक शब्द पुरला असता. "हो." माझ्या तोंडातून आला तो दुसराच.

"गुडघा," मी म्हणालो. "अचानक लॉक झाला. खाली पडताच येईना."

"अगंबाई!" मेघना म्हणाली. "मग बोलायचं ना! आणि ते सरबत, चहा?"

"वेळ काढत होतो."

"सॉरी बाबा," सई म्हणाली. "मी तुझ्यावर खूप रागावला होता."

मला सॉरी म्हणाली, ती! त्या दिवसापासून ती माझी बॅग उचलते, जिन्यावर हात धरते. मेघना रात्री आंबेहळदीचा लेप लावते. मंडळाने निधी जमवून गुडघ्याचा पट्टा भेट दिला. (रंग अर्थातच नवा.) आई फोनवर अजून विचारते, "गुडघ्यानं तर उभं राहता येत नाही म्हणतात. तुले पडता कसं नाही आलं रे?" मास्तरीणच ती! मी रेंज गेल्याचं सांगतो.

मला वाटलं होतं, या प्रकारानंतर मुंगूस तरी कायमचं जाईल. कसलं काय! नव्या समितीने जाहीर केलं, "आपण पहिल्यापासून करू, पण वेगळ्या पद्धतीने. या वर्षी बाबा मरत नाहीत!" आता दरवर्षी बाबा मरत नाहीत. तेच सरबत, तोच "चहा घ्या". माझी भूमिका शिरीष करतो, कारण माझा गुडघा. गेल्या संमेलनात त्याने ग्लास उचलला आणि लोक गाड्या बघायला उठले. ज्या कंटाळ्याविरुद्ध मी उभा राहिलो, त्याचा नवा भाग माझ्याच नावावर निघालाय.

आणि बाप मरत नाही म्हटल्यावर भाषणही गेलं. कायमचं कापलं. सई आता पंधराची, मुंगूस व्हायला मोठी. ती हल्ली माईक सांभाळते.

गेल्या रविवारी आई व्हिडिओवर तिला म्हणत होती, "सई, ते छपराचं म्हण ना एकदा. पूर्ण ऐकलंच नाही मी."

"नाही ना आजी," सई म्हणाली. "बॉडीशिवाय नाही येत मला."

मी शेजारीच सोफ्यावर होतो. गालिचा समोर होता, गुडघा ठणठणीत होता. मी उठलो, आणि चणा टोचला म्हणून लंगडत स्वयंपाकघरात निघून गेलो.

मी माझ्या मुलीला एक मरण देणं लागतो.