दीपगृहाचा खोटा इतिहास

मामा पवनारहून आले ते चपला न काढताच घरात शिरले. पिपरी मेघ्यातल्या आमच्या घराचा उंबरा त्यांनी कितीतरी वर्षांत ओलांडला नव्हता. बाबा खाटेवर बसून शेंगा फोडत होते. मामांनी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे काय हाय भाऊजी? तुमी तं आमाले सांगतलं होतं, ताप आलता म्हणून."

पडद्यावर बाबांचं दीपगृह होतं. कोकणातल्या एका खडकाळ बेटावर बाबांनी अनेक वर्षं दिव्याची नोकरी केली होती. व्हिडिओतला तरुण त्या जागेचा इतिहास सांगत होता. तिथल्या खडकांवर जहाज फुटलं, म्हणून इंग्रजांनी काळ्या दगडाचा मनोरा बांधला. आधी तेलाचा दिवा, मग रॉकेलचा, मग विजेचा. आता सगळं आपोआप चालतं, माणसं कधीच काढून घेतली. इथवर खरं होतं. मग त्यानं आवाज खाली आणला. "विदर्भातून आलेल्या एका कर्मचाऱ्याच्या बायकोनं याच सज्ज्यातून उडी घेतली, नवऱ्याच्या छळाला कंटाळून. पावसाळ्यात ती अजून दिसते."

ती माझी आई.

मी लहान होते, तरी मला आठवतं. ऐन पावसाळ्यात तिला ताप भरला. बेटावर डॉक्टर नव्हता आणि खवळलेल्या समुद्रात कुणी बोट घालेना. बाबा मनोऱ्यावरून निशाण हलवत राहिले. समोरच्या किनाऱ्यावर माणसं जमलेली दिसत होती. तीही हात हलवत होती. आई गेली. भिजलेली लाकडं पेट घेईनात, तेव्हा बाबांनी दिव्याचं रॉकेल चितेवर ओतलं. दिवस मावळायला आला तसे ते उठले, हात धुतले आणि दिवा लावायला वर गेले. मला शेजारच्या खोलीतल्या, दुसऱ्या दिवेवाल्याच्या बायकोनं, काकूंनी धरून ठेवलं होतं.

माहेरच्यांना तिचं तोंड दिसलं नाही. मामांचा तो राग जुना होता. आता त्याला पुरावा मिळाला होता.

"तापच होता," बाबा म्हणाले. "बोट नाई आली."

"मंग सारं जग खोटं बोलून राह्यलं काय?"

"पोरीले विचारा. होती ती तिथं."

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते तं तुमचीच पोरगी हाय," म्हणाले आणि निघून गेले. बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

व्हिडिओखाली बेटावरच्या बोटसहलीसाठी त्या तरुणाचा नंबर होता. मी फोन लावला. तरुणानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आईचं काय झालं, रॉकेल कुठून आणलं, मी सगळं सांगितलं, रडलेसुद्धा.

"ताई, फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण तापानं मेलेली बाई बघायला कोण बोटीत बसणार?"

"मग निदान छळाचं तरी काढा. माझे वडील जिवंत आहेत."

"बघतो ना, ताई."

आठवडाभरात दुसरा भाग आला. त्यात माझा फोन होता, माझं रडणं होतं, मागे समुद्राचा आवाज घातलेला. छळाचं होतं तिथंच होतं. वर फक्त रॉकेलची भर पडली होती. बायको उडी मारून वाचली, म्हणून नवऱ्यानं पेटवली. मुलगी आजही बापाला पाठीशी घालते.

बाबांनी तो भाग एकदाच ऐकला. "तुह्या मायचं नाव तं नाई घेतलं ना त्यानं?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. तेव्हापासून ते चौकात पेपर वाचायला जात नाहीत.

मामेबहिणीच्या लग्नाचं बोलावणं आलं, ते मला एकटीलाच. मी जाणार नव्हते. बाबांनीच पाठवलं. "तिची काय चुकी? जाजो," म्हणाले.

पंगतीत मामी वाढायला आली. माझ्या ताटात दोन जिलब्या ठेवल्या, पाठीवरून हात फिरवला आणि शेजारच्या बायांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "आता तरी खरं सांग वं बाई. तुह्या बापानं धकललं का तिनंच उडी मारली?"

"ताप होता, मामी."

"बरं बाप्पा," ती म्हणाली आणि पुढच्या ताटाकडे सरकली. शेजारची बाई आपलं ताट उचलून पलीकडे जाऊन बसली.