अकराव्या मजल्याचे क्यूब

आर्वीच्या स्टँडवर बस सुटताना बाबा खिडकीची सळई धरून म्हणाले, "पुण्याले जाऊन भाषा सुधरवजो." आई, तू डोळे पुसत होतीस. मी मान डोलावली, पण आज सांगते, तेव्हाच राग आला होता. आपल्या भाषेला काय धाड भरली होती?

सुधारली भाषा. आता तोंडून 'काहून' निघत नाही. पण इथली शुद्ध भाषा किती घाण झाकते, हे तुम्हाला तिकडे बसून कळायचं नाही, म्हणून लिहितेय.

हिंजवडीत आयटीवाल्यांच्या राहण्यासाठी टॉवर उठत होते. त्यातल्या एका साइटवर मी काँक्रीट तपासायला होते. नव्या रसायनांमुळे काँक्रीट पाण्यासारखं वाहतं, पंपाने तीस मजले चढतं, हे कॉलेजात शिकले होते. केवढा अभिमान होता त्याचा! खांब भरला की त्याच काँक्रीटचे क्यूब, म्हणजे वीतभर ठोकळे, भरायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मशीनखाली फोडायचे. ठोकळा किती दाब सोसतो, त्यावरून खांब पास. अकराव्या मजल्याच्या वेळी फोरमनने क्यूबच्या घमेल्यात दोन ओंजळी जादा सिमेंट कालवलं. माझ्यादेखत!

"मॅडम, परीक्षेला पोरगं जरा नटवूनच पाठवतात," तो म्हणाला. मॅनेजर साहेबांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "आपण नवीन आहात. शिकाल." क्यूब झकास निघाले. मी सही केली. हो, केली! नोकरी जाईल म्हणून टरकले होते.

त्याच आठवड्यात वंदीचं ते झालं. तुझी धाकटी त्या दिवाळीला आली नाही म्हणून तू आठ दिवस अबोला धरलास ना? ऐक मग. ती लॅबमध्ये माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवते, भाजलेल्यांच्या उपचारासाठी. घरी निघायच्या आदल्या दिवशी एका बाटलीत बुरशी दिसली. सर रजेवर, बघणारं कोणी नाही. तरी हिने सगळ्या बाटल्यांत ब्लीच ओतलं, तीन महिन्यांचं काम मारलं, वहीत लिहिलं 'माझ्या हातून चूक झाली', आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आमच्या खोलीवर येऊन ढसाढसा रडली. मग पोहे खाताना म्हणाली, "ताई, तुझे क्यूब बरे, मरत तरी नाहीत." मी बशी सारली आणि कागद काढला.

सकाळी सही मागे घेतली, लेखी. खांबात ड्रिल घालून आतला नमुना काढायला लावला. तो फोडला तर पार भुसभुशीत. मग त्या मजल्याच्या सगळ्या खांबांना बाहेरून नवं काँक्रीट चढवावं लागलं. साहेब आवाजही न चढवता म्हणाले, "आपल्याला इथली हवा मानवत नाही असं दिसतं." झालं! मी गेटबाहेर. दोन वर्षं झाली त्याला, फोरमन मेला अजून त्याच कंपनीत आहे.

आणि बाबा फोनवर काय म्हणाले? "बाईमानसानं इतकं ताठ राहू नये." इतका संताप साहेबांचाही आला नव्हता. मी सही केली तेव्हा चुकले, मागे घेतली तेव्हा नाही, एवढं त्यांना वाचून दाखव.

तू अजूनही म्हणतेस, झालं ते झालं, घरी ये. घर घर काय करतेस? काल बसमधून तो टॉवर दिसला, आता लोक राहायला आलेत. अकराव्या मजल्यावर कुणाच्या तरी बाळाची दुपटी वाळत होती. ते पोर मी कधी बघणारही नाही. पण ती सही तशीच ठेवली असती ना आई, तर तुझ्या चुलीपुढे बसून जेवायला मला तोंड राहिलं नसतं.