चंद्रभान हौद साफ करतो

ताडकळसच्या लोकांच्या तोंडी ‘जलतरण तलाव’ बसत नाही, म्हणून ते त्याला हौदच म्हणतात. दिनकररावांच्या घराच्या मागच्या अंगाला, लिंबोणीच्या झाडांपलीकडं, निळ्या फरशीचा हा हौद. पुण्याची नातवंडं उन्हाळ्यात येतात, त्यांना डुंबायला म्हणून बांधलेला. बांधला तेव्हा गावानं पोटभर नावं ठेवली. लोकांना वापरायला पाणी नाही आणि यांचे चोचले बघा, म्हणाले. नावं ठेवून झाल्यावर बाजाराच्या दिवशी पाहुण्यारावळ्यांना घेऊन बघायलाही गेले.

या हौदावर गेली दोन वर्षं रोज सकाळी चंद्रभान राबतो. बसस्टँडजवळ त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आसपासच्या विहिरींवर जळालेल्या मोटारी त्याच्याकडं येतात, तो त्यांची तार सोडवतो, नवी भरतो आणि परत पाठवतो. दुकान उघडायच्या आधी तो हौदावर जातो. जाळीनं पानं काढतो, भिंती घासतो, पंप चालवतो. एक रुपया घेत नाही. आणि याच हौदानं त्याची लेक खाल्ली, असं अख्खं गाव म्हणतं. म्हणून गाव त्याला देवमाणूस समजतं. चंद्रभानला ते ऐकून काही वाटत नाही. तसं त्याला आता कशाचंच काही वाटत नाही. मागं एकदा दुकानात चांगला जोरात करंट बसला, तर तो नुसता आपल्या हाताकडं बघत बसून राहिला.

झालं होतं असं. दिनकररावांची बायको वारली आणि पुढच्या उन्हाळ्यात पुण्याची मंडळी आलीच नाहीत. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही नाहीत. हौदाचा पंप जळाला, तरी म्हाताऱ्यानं चंद्रभानला निरोप धाडला नाही. पोहणार तरी कोण होतं? पाणी आधी पोपटी झालं, मग हिरवंगार, आणि शेवटी पालकाच्या घोटलेल्या भाजीसारखं दाट झालं. बेडूक आले, लिंबोणीची पानं कुजली. लोक कुंपणावरून वाकून बघायचे, नाक मुरडायचे आणि पुढं जायचे. बुजवा म्हणून तेव्हा कुणी बोललं नाही.

चंद्रभानची निकिता दहावीला होती. लय बडबडी. दुकानात येऊन बसायची आणि गिऱ्हाइकाची पाठ फिरली की त्याच्या चालीची अशी नक्कल करायची, की चंद्रभानच्या हातातला पाना खाली पडायचा. भादव्यात तिला ताप आला. गावात सलाइन लावलं, मग परभणीला नेलं, तिथून नांदेडला. डेंग्यू निघाला. पेशी उतरत गेल्या त्या चढल्याच नाहीत. चंद्रभान आणि राजेश्री नवरा-बायको एकुलत्या लेकीचं मयत ॲम्ब्युलन्समधून घरी घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची एक बाई हातात बॅटरी आणि पळी घेऊन गल्लीत आली. राजेश्री आत भिंतीकडं तोंड करून पडली होती. चंद्रभाननं बाईला मागच्या अंगणात नेलं. रांजण पाहिला, पिंप पाहिलं, मग मागच्या खिडकीला लावलेला पत्र्याचा कूलर पाहिला. पाऊस लागल्यापासून तो बंद होता. त्याची जाळी काढून बाईनं आत बॅटरी मारली, पळीभर पाणी काढलं आणि उजेडात धरलं. पाणी अगदी नितळ होतं. त्यात बारक्या अळ्या वळवळत होत्या.

“दादा, हे ओतून द्या,” ती हळूच म्हणाली. “टाकी घासून उन्हात कोरडी करा.”

“अन् तो हौद? तिथं बघितलं का तुमी?”

“आधी तिथंच गेले होते. मागच्या साली मीच त्यात गप्पी मासे सोडलेत. ते अळ्या ठेवतेत होय? एक सापडली न्हाई.” मग थोडं थांबून म्हणाली, “डेंग्यूचा डास असल्या घाण पाण्यात होत न्हाई दादा. घरात साठवलेल्या साफ पाण्यात होतो.”

दारातून आतला फोटो दिसत होता. त्यावरचा हार अजून ताजा होता. बाईनं तो पाहिला आणि बॅटरी-पळी उचलून ती निघाली. कुणाला कुठला डास चावला, हे छातीवर हात ठेवून कुणालाच सांगता येत नाही. पण चंद्रभानला कुणी सांगायची गरज उरली नव्हती. बाई गेल्यावर त्यानं कूलर आडवा केला. पाणी अंगणात पसरलं आणि जिरून गेलं. आता आपल्या काळजाचं पाणी होईल, आपण खाली कोसळू, असं त्याला वाटलं. तसं काही झालं नाही. तो टाकी घासत बसला.

त्याच संध्याकाळी गाव मारुतीच्या पारावर जमलं. पोर गेली म्हणजे कुणाचा तरी गुन्हा असलाच पाहिजे, आणि सगळ्यांना दिसेल असा तो त्या हौदात होता. कुणी म्हणालं केस करा, कुणी म्हणालं आत्ताच्या आत्ता बुजवा. दिनकरराव स्वतः चालत आले. सत्तरी उलटलेला माणूस, कधीकाळी त्यांच्या शब्दावर गावातली भांडणं मिटायची. ते चंद्रभानपुढं हात जोडून उभे राहिले.

“चंद्रभान, माझ्या हौदापायी तुझी लेक गेली म्हणायलेत सगळे. तू सांग बाबा. तू म्हणशील ते करतो मी.”

सगळे चंद्रभानकडं बघायला लागले. ‘हौदात काही नव्हतं’ एवढंच बोलायचं होतं. ते वाक्य त्याच्या तोंडापर्यंत आलं. आणि तो म्हणाला, “बुजवू नका. मी साफ करतो.”

एका म्हाताऱ्यानं उपरण्यानं डोळे पुसले. पोटची पोर गेली आणि हा माणूस वैऱ्याचं अंगण झाडायला निघाला, असं जो तो एकमेकाला सांगायला लागला. माणूस ओळखण्यात गावाचा हात कुणी धरणार नाही, अशी गावाची समजूत आहे. पण त्या दिवशी समोर बसलेला माणूस घाबरलाय, हे एकालाही ओळखता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून चंद्रभान कामाला लागला. आधी त्यानं जुन्या मच्छरदाणीनं ते गप्पी मासे काढले आणि बादल्या भरभरून गुरांच्या पाण्याच्या हाळात नेऊन सोडले. औषधानं मेले असते. पण ते तिथून हलले आणि हौदाच्या बाजूनं साक्ष देणारं कुणी राहिलं नाही, हेही त्याला कळत होतं. मग कुजलेली पानं उपसली. पंपाची मोटार दुकानात नेऊन भरून आणली. दिवस मावळल्यावर ब्लीचिंग पावडर कालवून पाण्यात सोडायची, कारण उन्हात तिचा जोर उडून जातो. रात्रभर पंप चालू ठेवायचा. सकाळी भिंती घासायच्या. हिरवं पाणी राखाडी झालं, राखाडीचं दुधाळ झालं. तुरटी फिरवून गाळ खाली बसवायचा आणि पाइपानं ओढून नालीला काढायचा. पावडरीनं त्याच्या हातांची सालं निघाली. त्यानं हात झटकले आणि पुन्हा ब्रश धरला.

पुढं एकदा तळाची निळी फरशी दिसायला लागली. पण हौद साफ झाला म्हणून काम संपत नाही. चार दिवस दुर्लक्ष केलं की भिंतींवर बुळबुळीत हिरवा थर चढतोच. चंद्रभानला ते बरं वाटलं, म्हणजे रोज यायला कारण मिळालं. पोहायला कुणी येत नव्हतं. गावातली पोरं त्या कुंपणाजवळही फिरकत नव्हती.

दिनकररावांकडं माणसांची ये-जा बंद झाली. न्हावी घरी येईना, लग्नाच्या पत्रिका येईनात. राजेश्री तर पाण्याला जाता-येता त्यांच्या फाटकासमोर थांबायची आणि मोठ्यानं म्हणायची, “वाटोळं होईल तुमचं! माझी पोर खाल्ली!” आत म्हातारा ओट्यावर बसून ते ऐकायचा. हौदाच्या काठावर ब्रश धरलेला चंद्रभानही ऐकायचा. घरी आल्यावर ती भाकरी वाढायची, तो खायचा. त्या घरात दोघं अशी राहत होती, जशी एकाच बाकड्यावर बसची वाट बघणारी दोन अनोळखी माणसं.

एकदा दिनकररावांनी त्याला विचारलं, “चंद्रभान, तुला माझा राग येत न्हाई का रे?”

“न्हाई काका.”

“येऊ दे की थोडा. मला बरं वाटंल.”

चंद्रभाननं पंप बंद केला आणि दुकानाला गेला.

यंदा दिवाळी झाल्यावर म्हाताऱ्यानं त्याला बोलावून सांगितलं, “उद्या मुरूम टाकून बुजवायलोय हे. मी पुण्याला चाललो पोराकडं. आता परत येणं न्हाई. एका लेकराचं पाप डोक्यावर घेऊन या गावात मरायची माझी छाती होत न्हाई.”

त्या दिवशी चंद्रभान दुकानावर गेलाच नाही. भर दुपारी घरी आला. राजेश्री सुपात ज्वारी निवडत होती. तो तिच्यासमोर बसला आणि दोन वर्षं दातांमागं धरलेलं सगळं त्यानं सांगून टाकलं. कूलर, अळ्या, ती बाई, तिचं बोलणं.

“म्हाईत हाय मला,” राजेश्री म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. “जागी होते मी. सगळं ऐकलं.”

“मग त्या म्हाताऱ्याला दोन वर्षं शिव्या द्यायलीस?”

“मग कोणाला देऊ? तुमाला?” तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. “तुमाला एकदा द्यायला लागले ना, तर थांबायची न्हाई मी. मग एका घरात कसं राहायचं आपण? जाऊ द्या त्यांना पुण्याला. तुमी काय बोलू नका.”

सकाळी तो सवयीनं जाळी घेऊन हौदावर गेला. मुरमाचा ट्रॅक्टर मागं घेत होते. बघायला माणसं जमली होती, ती अशा वेळी जमतातच. ओट्यावर दिनकररावांच्या बायकोचा फोटो धोतरात गुंडाळून ठेवलेला होता. तो गाठोडं बांधलेला फोटो बघून चंद्रभाननं जाळी खाली टाकली आणि ट्रॉलीच्या मागं जाऊन उभा राहिला.

“थांबा,” तो म्हणाला. “हौदात काय नव्हतं. माझ्या घरच्या कूलरमधी अळ्या होत्या. मी डोळ्यांनी बघितल्या. दिनकरकाकाचा काय गुन्हा न्हाई.”

एकजण दुसऱ्याच्या कानाशी लागला, “पोरीच्या दुःखानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं.” दुसरा म्हणाला, “न्हाई रे, म्हाताऱ्यासाठी स्वतःवर घ्यायलाय.” एक बाई पदर सावरून पुढं आली आणि चक्क त्याच्या पाया पडली. खुद्द दिनकररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “पुरे कर चंद्रभान. माझ्यासाठी लय केलंस तू.”

चंद्रभान पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला, आणि जितकं सांगावं तितका तो लोकांना मोठा वाटायला लागला. दोन वर्षं खोटं खपलं होतं आणि आता खरं खपत नव्हतं.

“खरं बोलायलेत ते.”

फाटकात राजेश्री उभी होती. दोन वर्षांत तिनं त्या फाटकाच्या आत पाय टाकला नव्हता. ती हौदापर्यंत आली, दिनकररावांपुढं थांबली. “काका, कूलरमधीच होतं ते. मला म्हाईत होतं. म्हाईत असून तुमाला रोज शिव्या दिल्या.” तिनं खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. म्हातारा ओट्यावर जाऊन बसला, गाठोडं मांडीवर घेतलं आणि त्याची गाठ सोडायला लागला. गाठ लवकर सुटेना.

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. लोकांना आता कुठं बघावं कळेना. एकेक जण फाटकाकडं सरकला.

राजेश्री नवऱ्याकडं वळली.

“तिनं सांगितलं होतं तुमाला,” ती म्हणाली. आवाज लहान होता, पण फुटत चालला होता. “ताप यायच्या आधी दोनदा सांगितलं पोरीनं. पप्पा, कूलरमधी मच्छर व्हायलेत, पाणी काढा. तुमी काय म्हणलात?”

“बघतो म्हणलो,” चंद्रभान म्हणाला.

“गावाच्या मोटारी नीट करता. घरच्या कूलरच्या बुडाची एक गुडदी काढायला हात वळला न्हाई तुमचा?”

“न्हाई काढली.”

ते त्याला लागलं. खरोखरीचं लागलं, छातीत, श्वास घेता येईना असं. तो काठावर बसला आणि ओरडून रडायला लागला. राजेश्री त्याच्यासमोरून हलली नाही. ती रडत होती आणि त्याला बोलत होती, निकिताच्या पहिल्या तापापासून एकेक गोष्ट काढून बोलत होती, आणि तो मान हलवून प्रत्येकीला हो म्हणत होता.